समाजमाध्यम कंपन्या आणि पोलीस: ७२ तासांच्या मुदतीमागचा इतिहास

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फेक प्रोफाइलची, शेअर ट्रेडिंगच्या बनावट ग्रुपची तक्रार नोंदवली की तपास लवकरच एका जागी येऊन थांबतो: समाजमाध्यम कंपनीच्या उत्तरापाशी. ते उत्तर देणे कंपनीवर बंधनकारक कसे होत गेले, याची कहाणी बरीचशी आपल्याच भागातून जाते.

२०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ७९ कंपन्यांना लोकांच्या मजकुराच्या जबाबदारीतून सूट देते. २०११च्या नियमांनी लेखी आदेशावर पोलिसांना माहिती द्यायला सांगितले, पण किती दिवसांत ते सांगितले नाही. त्यानंतर नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. एकीने मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती लाइक केली होती. या अटकेतून पेटलेल्या वादात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्यातले, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याला शिक्षा ठेवणारे कलम ६६अ रद्द केले. त्याच निकालाने असेही ठरवले की कुणी नुसते कळवले म्हणून नव्हे, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आली तरच मजकूर काढणे कंपनीवर बंधनकारक ठरेल.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षुकीवर जगणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती. मेसेज मुळात कुणी टाकला हे शोधता आले पाहिजे, या मागणीने त्यानंतर जोर धरला. डिसेंबर २०१८च्या मसुद्यात ती आली आणि फेब्रुवारी २०२१च्या नियमांत पक्की झाली.

याच नियमांनी लेखी आदेशानंतर माहिती द्यायला ७२ तासांची मुदत घातली आणि पुरावा जपण्याचा काळ ९० दिवसांवरून १८० दिवसांवर नेला. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने पोलिसांसाठी चोवीस तास उपलब्ध असा माणूस भारतात नेमायचा, हेही त्यातलेच. याबद्दल फारसे कुणी भांडले नाही. भांडण झाले ते ‘पहिला पाठवणारा’ या तरतुदीवर.

ही तरतूद वाटते तितकी मोकाट नाही. न्यायालयाचा किंवा कलम ६९खालच्या (हे कलम सरकारला ऑनलाइन संदेशांवर नजर ठेवू देते) सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, गुन्हा गंभीर लागतो, दुसरा सौम्य मार्ग असेल तर आदेश काढता येत नाही. तरी मला ती चुकीची वाटते. कोणता मेसेज उद्या गुन्ह्याचा ठरेल हे आधी कळत नाही, म्हणून एकाला शोधण्यासाठी सगळ्यांच्याच मेसेजचा माग ठेवावा लागतो. शिवाय मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की तांत्रिकदृष्ट्या तो नवा मेसेज होतो, आणि चिकटवणारा ‘पहिला’ ठरू शकतो. मूळ मेसेज परदेशातला असेल तर भारतात तो ज्याने प्रथम पाठवला तोच पहिला मानावा, असे नियम सांगतो. म्हणजे दुबईहून भाच्याने पाठवलेला व्हिडिओ कळव्यातल्या काकांनी काळजीपोटी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर नियमाच्या लेखी पहिले काकाच. या तरतुदीविरुद्ध व्हॉट्सअॅप कंपनी मे २०२१मध्ये दिल्लीत न्यायालयात गेली. एन्क्रिप्शन (मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाच वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी) तोडायला लावले तर आम्ही भारतातून जाऊ, असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४मध्ये सांगितले.

रोजचा तपास या वादापासून दूर, फार साध्या गोष्टींवर अडतो. माहिती मागण्यासाठी पोलीस कंपनीला पाठवतात त्या नोटिशीला (पूर्वी फौजदारी संहितेचे कलम ९१, जुलै २०२४पासून नव्या संहितेचे ९४) नुसता स्क्रीनशॉट जोडून भागत नाही. नाव आणि फोटो रातोरात बदलतात, म्हणून प्रोफाइलची पूर्ण लिंक लागते. कंपनीकडून आलेल्या आयपी नोंदींची (खाते कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून वापरले त्याच्या नोंदींची) वेळ बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले की भलत्याच माणसाचे नाव हाती येते. मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी पत्ता एका वेळी अनेकांकडे असतो, त्यामुळे त्यांतला नेमका कोण हे वेगळे करणारा पोर्ट क्रमांक नसेल तर माग तिथेच तुटतो. चॅटमधला मजकूर हवा असेल तर अमेरिकी कंपन्या तिथल्या कायद्याकडे बोट दाखवतात आणि दोन देशांतल्या परस्पर साहाय्य कराराने या म्हणतात. हा करार २००५पासून अमलात आहे, पण रस्ता लांबचा आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात एवढी डेटा सेंटर उभी राहिली, त्याने यात फरक पडलेला नाही.

सरकारचा भर मात्र मजकूर हटवण्यावर राहिला. २०२४मध्ये हटवण्याच्या नोटिसा पाठवण्यासाठी केंद्राने पोर्टल सुरू केले. त्याविरुद्धची एका कंपनीची याचिका सप्टेंबर २०२५मध्ये फेटाळली गेली. १५ नोव्हेंबर २०२५पासून अशी नोटीस पोलिसांतर्फे उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला काढता येत नाही, ही सुधारणा चांगली झाली. फेब्रुवारी २०२६मध्ये आदेशानंतर मजकूर हटवण्याची मुदत ३६ तासांवरून ३ तासांवर आली. पोलिसांना माहिती देण्याची मुदत ७२ तासांचीच राहिली, आणि पैसे गमावलेल्या तक्रारदाराचे काम या दुसऱ्या मुदतीशी असते.