तहानलेलं तोलेदो

स्पेनमधलं तोलेदो नकाशावर पाहिलं तर इथे पाण्याची ददात असेल असं वाटणार नाही. ताहो नदीनं शहराला तीन बाजूंनी कवेत घेतलंय. पण नदी खोल घळीत आणि वस्ती खडकाच्या माथ्यावर. सर्वांत उंचावरचा अल्काझार किल्ला पाण्यापासून सुमारे 100 मीटर वर. ज्या उंचीनं शत्रूला रोखलं, तिनंच गावाला तहानलेलं ठेवलं.

इ.स.पू. 193 मध्ये गाव जिंकलेल्या रोमनांनी पुढे दूरवर धरण बांधून कालव्यानं पाणी आणलं. त्यांच्यानंतर व्हिसिगॉथ या जर्मन टोळीच्या राजांनी इथे राजधानी केली. 711 मध्ये मुस्लिम सत्ता आली आणि नदीवर रहाट फिरू लागले.

11व्या शतकात इथे अझ-झरकाली हा खगोलज्ञ होऊन गेला. त्यानं नदीकाठी दोन हौदांचं जलघड्याळ बांधल्याचं वर्णन एका अरबी भूगोलकारानं केलंय. चंद्रकोर दिसली की हौदात पाणी झिरपू लागे, शुक्लपक्षात रोज थोडं चढे, पौर्णिमेला हौद काठोकाठ भरत आणि कृष्णपक्षात तसेच उतरत. म्हणजे तिथी पाण्यात वाचायची! 1085 मध्ये शहर ख्रिस्ती राजा सहावा अल्फोन्सो याच्याकडे गेलं. पुढे यंत्राचं गुपित कळावं म्हणून एक हौद उकलला गेला, तो पुन्हा जुळवता आला नाही. ‘तोलेदोच्या सारण्या’ मात्र टिकल्या. ग्रहांची स्थानं काढायच्या या कोष्टकांत अझ-झरकालीचा मोठा वाटा होता, आणि बगदादचा गणिती अल्-ख्वारिझ्मी याच्यामार्फत पोचलेलं भारतीय गणितही त्यांत मुरलं होतं. लॅटिन अनुवादातून त्या युरोपभर गेल्या.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो 16व्या शतकातला इटालियन घड्याळजी, हुआनेलो तुर्रियानो. त्या काळचा पंप एका दमात इतक्या उंचीवर पाणी चढवू शकत नव्हता. दाबानं नळ फुटत. हुआनेलोनं चढणच वाटून टाकली. अभ्यासकांच्या मांडणीनुसार लांब दांड्यांच्या, ओगराळ्यांसारख्या धातूच्या पात्रांची रांग टेकडीवर चढत गेली होती. एक ओगराळं झुकून वरच्यात पाणी ओती, ते त्याच्या वरच्यात. दांडा पोकळ, त्यातूनच पाणी पुढे वाहे. सगळं चालवायला नदीतलं पाणचक्र. मजुरांनी हातोहात घमेली वर द्यावीत तसं.

1569 मध्ये पाणी किल्ल्यात पोचलं, तेही ठरल्यापेक्षा जास्त. पण ते सगळं किल्ल्यातल्या राजाच्या वाड्यात गेलं, म्हणून नगरपालिकेनं पैसे नाकारले. दरबार तर 1561 मध्येच माद्रिदला हलला होता. हुआनेलोनं शहरासाठी दुसरं यंत्र उभारलं, 1581 मध्ये पुरं केलं आणि 1585 मध्ये कर्जातच मेला. इतक्या मोठ्या कारागिराची ही गत वाचून आजही वाईट वाटतं.

17व्या शतकात दोन्ही यंत्रं थांबली, त्यांचा धातूही गेला. पाणी पुन्हा गाढवांच्या पाठीवरून, मातीच्या घागरींतून चढू लागलं. ते वाहणाऱ्यांना तिथे ‘अझाकान’ म्हणत. हा शब्द अरबी ‘सक्का’वरून आलेला. सक्का म्हणजे भिस्ती.