हलाल पुरवठा साखळी: नमुन्यात न सापडणारी चूक

जानेवारी 2001 मध्ये इंडोनेशियात अजिनोमोटोचा सुमारे 3,000 टन माल बाजारातून परत घ्यावा लागला. काही अधिकाऱ्यांना अटकही झाली. आणि त्या पांढऱ्या पावडरीत डुकराचा अंशसुद्धा नव्हता!

गडबड झाली होती बरीच आधी. ही पावडर म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट; ते जिवाणूंकडून, किण्वनाने (आंबवून) बनतं. या जिवाणूंचं मूळ विरजण जपायला पोषणद्रव्य लागतं. त्यात पूर्वी गोमांसापासूनचं पॉलिपेप्टोन असे. 2000 मध्ये त्याजागी बॅक्टोसॉयटोन आलं. नाव सोयाचं, मालही सोयाचाच. पण सोयाची प्रथिनं तोडायला डुकराच्या स्वादुपिंडातलं एन्झाइम वापरलं होतं. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणात हा बदल उघड झाला आणि हलाल ठरवणाऱ्या तिथल्या उलेमा (धर्मपंडित) परिषदेने उत्पादन हराम ठरवलं. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी माल हलालच असल्याचं सांगितलं, पण परिषदेचा आक्षेप प्रक्रियेवर होता. पुढे कंपनीने पोषणद्रव्यच बदललं.

अशा वेळी प्रयोगशाळेवर विसंबणं धोक्याचं. पीसीआर चाचणी डुकराचा डीएनए शोधते. कच्च्या मांसातली भेसळ ती छान पकडते. जिलेटिन करताना मात्र आम्ल, अल्कली आणि उष्णतेने डीएनएचे तुकडे होतात, म्हणून तिथे कोलॅजन या प्रथिनाचे तुकडे (पेप्टाइड) मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर पाहतात. शुद्ध केलेल्या स्फटिकात तर शोधण्यासारखं काही उरतच नाही.

म्हणून खरा पहारा खरेदी विभागात हवा. ‘वनस्पतीजन्य’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. एन्झाइम बुरशीचं की प्राण्याचं, जिवाणू कशावर वाढवले, फ्लेवरचा वाहक ग्लिसरीन असेल तर ते पामचं की चरबीचं, ई471 (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) कोणत्या तेलाचं की चरबीचं, हे लेखी घ्यावं. प्रमाणपत्रावर कारखान्याचा पत्ता आणि मुदत बघावी. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याचा कागद चालत नाही. मंजूर माल संपला की स्टोअर ‘तसाच’ दुसरा उचलतं, घोळ बहुधा तिथेच होतो. संगणकात मंजूर नसलेल्या कोडची आवकच होऊ नये, आणि घटक किंवा प्रक्रिया बदलण्याआधी पुरवठादाराने कळवावं, अशी अट करारातच घालावी.

वाहतुकीत प्रश्न येतो मागच्या मालाचा. टँकरने आधी काय वाहिलं याची नोंद मागावी. डुकराच्या पदार्थाचा संपर्क आला असेल, तर मलेशियाच्या एमएस 1500 या हलाल मानकानुसार सात वेळा धुवावं लागतं, त्यातलं एक धुणं माती मिसळलेल्या पाण्याने. उत्पादनाच्या लाइनलाही हाच नियम, पण तिथे एक कडक अट आहे: शुद्ध करून घेतलेली लाइन पुन्हा डुकराच्या मालाकडे आणि मग परत हलालकडे, अशी फिरवता येत नाही. ‘या आठवड्यात तुमचा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचा’ म्हणणाऱ्या जॉबवर्कवाल्याच्या लाइनवर अशी पाळीपाळी चालत असेल, तर स्वस्त दर असूनही तो उपयोगाचा नाही.