उपाशी मेंदू आणि दहाची पेज

चवथीला घर भरलं की दुसऱ्याच्या अंगावर बोलायला आपल्याकडे गोव्यात जणू परवानाच मिळतो. "काय गो, किती सुटलीस!" असं मावशी म्हणते, आणि त्याच दमात नेवऱ्यांचं ताट पुढे करते. पुढच्या वर्षी तीच मुलगी अर्धी होऊन आली की कौतुक होतं. मधल्या वर्षभरात तिने काय केलं, हे कोणी विचारत नाही. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत, आणि पिळदार दंडांचा मुलगा आरशात स्वतःला काडीपैलवान दिसत असतो. हाही खाण्याच्या विकारांच्या नात्यातलाच त्रास.

खाण्याच्या विकारांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ही श्रीमंतांच्या पोरींची थेरं आहेत. मुळात हा फॅशनचा प्रश्नच नाही. जेवण तोडत नेऊन शरीर झिजवणाऱ्या अ‍ॅनोरेक्सियाला लंडनच्या डॉक्टर विल्यम गल यांनी नाव दिलं ते १८७०च्या दशकात. अधाशासारखं खाऊन मग ओकून किंवा जुलाब घेऊन ते 'फेडण्याचा' आजार म्हणजे बुलिमिया. त्याचं वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. नुसत्या अनावर खाण्याला, म्हणजे बिंज इटिंगला, अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळायला २०१३ उजाडलं. पण बाहेरच्या चित्रांचा काहीच संबंध नाही, असंही म्हणता येत नाही. फिजीच्या ज्या भागात भरलेलं अंग हीच सुदृढपणाची खूण होती, तिथे १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींना तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये विचारलं. वजनासाठी मुद्दाम ओकणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या. तीन वर्षांनी ते प्रमाण ११.३ टक्के झालं होतं. आता तर पडदा खिशातच असतो.

मला मात्र याहून महत्त्वाचा वाटतो तो १९४४-४५ मधला मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग. लढायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात आले. अ‍ॅन्सेल कीज यांनी त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण चौथ्या हिश्शाने घटलं, हे अपेक्षितच होतं. पण धडधाकट मनाचे हे पुरुष दिवसभर खाण्याचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, घासभर अन्न तासभर चिवडत बसू लागले, ताटल्या चाटू लागले. चिडचिड वाढली, मित्र नकोसे झाले. पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक महिनोन्‌महिने भागेना. यांपैकी कोणालाही 'बारीक' व्हायचं नव्हतं. म्हणजे जे आपण रुग्णाचा स्वभाव किंवा हट्ट समजतो, त्यातलं बरंचसं उपासमारीनेच घडवलेलं असतं.

म्हणूनच या विकारांवरच्या उपचाराची सुरुवात बालपण उकरण्यापासून होत नाही. ती जेवणाच्या वेळांपासून होते. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या विचार-वर्तन उपचारात पहिलं साधन एक वही. खाल्लं की लगेच लिहायचं: किती वाजता, काय, कुठे, तेव्हा मनात काय होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. समजा, फोंड्याला कॉलेजात जाणाऱ्या मुलीचं एक पान असं आहे. सकाळी साडेसातला कोरा चहा. दुपारी दोन घास शीत-कडी, बाकी मांजराला. चारला काही नाही. रात्री पावणेअकराला, आई झोपल्यावर, उभ्याउभ्याच नेवऱ्यांचा अर्धा डबा. शेजारच्या रकान्यात: 'मला अजिबात कंट्रोल नाही.' पान वाचणाऱ्याला मात्र दिसतं, की पावणेअकराची बीजं सकाळी साडेसातलाच पेरली गेली होती. वही या मुलीचा न्याय करायला नसते. ती हे दुवे दाखवायला असते.

मग येतं 'नियमित खाणं': तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि जागेपणी दोन खाण्यांमध्ये चार तासांहून मोठी फट नाही. भूक असो वा नसो, रात्री बिंज झालं तरी सकाळचा नाश्ता टाळायचा नाही. सर्वांत अवघड हेच, कारण मन नेमकं उलट सांगतं. पण या वेळापत्रकात आपल्याला नवं काय आहे? सकाळी पाव-भाजी, दहाला लोणच्याबरोबर पेज, दुपारी हुमण-शीत, चारचा चहा आणि रात्रीचं जेवण. आपल्या आज्यांचा दिवस असाच जायचा. डाएटच्या नावाखाली आपण सर्वांत आधी मोडली ती दहाची पेज.

ओकून किंवा जुलाबाने हिशोब चुकता होतो, हा समजही खोटा आहे. जुलाबाच्या गोळ्या मोठ्या आतड्यावर काम करतात. तोवर अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात बहुतांशी शोषली गेलेली असते. जातं ते पाणी आणि पोटॅशियम, आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाची लय बिघडू शकते. उलटीतल्या आम्लाने दातांवरचं आवरण झिजतं. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर ते आणखी खरवडलं जातं. नुसती चूळ भरावी.

वजनाचा काटा आठवड्यातून एकदाच. पाणी आणि मीठ यांच्यामुळे तो रोज वरखाली होतो, आणि त्यावर दिवसाचा मूड ठरू लागतो. आरशाचंही तसंच. पोट चिमटीत धरून पुन्हापुन्हा पाहिलं की तेवढंच दिसू लागतं. किती वेळा पाहिलं हे नुसतं मोजायला लावलं तरी अनेकजण चकित होतात.

उपासांचा विषय आपल्याकडे नाजूक. श्रावणात उपास करणाऱ्या मुलीला घरात मान मिळतो, आणि विकार त्या मानाआड सहज लपतो. माझ्या मते उपास किती केले यापेक्षा तो सोडताना काय वाटतं, हे विचारावं. भक्ताला पारणं गोड लागतं. सोडायचीच भीती वाटत असेल, तर हा उपास देवासाठी नव्हे.

स्वमदतीने किती भागतं? बुलिमिया आणि बिंज इटिंगमध्ये बरंच. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २०१७ची मार्गदर्शिका प्रौढांसाठी आधी हाच मार्ग सुचवते: स्वमदतीचा नेमका कार्यक्रम आणि सोबत १६ आठवड्यांत चार ते नऊ छोट्या, वीसेक मिनिटांच्या भेटी. अशा भेटींना मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही, आणि इथे गोव्याकडे सांगण्यासारखं काही आहे. 'संगात' या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामात आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत व्यावसायिक नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्यावर दिलेले उपचार प्रभावी ठरले. ते निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. खाण्याच्या विकारांसाठी हीच वाट इथे का चालू नये, हा माझा प्रश्न आहे.

अ‍ॅनोरेक्सियाला मात्र वही पुरत नाही. किशोरवयीन मुलांत आईवडिलांनाच उपचारात घेतात. सुरुवातीला ताटाचा निर्णय तेच करतात, मुलाला दोष न देता. फार खंगलेल्याला घरी एकदम भरभरून वाढणंही धोक्याचं, कारण रक्तातलं फॉस्फेट कोसळू शकतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, पाळी बंद होणं, झपाट्याने वजन उतरणं, जगणं नकोसं वाटणं, यांपैकी काही दिसलं तर थेट डॉक्टर गाठावा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे, आणि तिथेच मनोविकारांची सरकारी संस्थाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.