प्राचीन हिब्रूत स्वर होते, खुणा नव्हत्या

‘प्राचीन हिब्रूत स्वरच नव्हते, ते नंतरच्या पंडितांनी मनाने घातले’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे. स्वरांशिवाय कुठली भाषा बोलता येईल? नव्हत्या त्या स्वरांच्या वेगळ्या खुणा. त्यातही ‘वाव’, ‘योद’ आणि ‘हे’ ही व्यंजनांची अक्षरं दीर्घ स्वर दाखवायला वापरली जातच होती. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांत तर अगदी सढळ हाताने.

स्वर दाखवणाऱ्या टिंबं-रेघांची ‘निक्कुद’ पद्धत तिबेरिया गावच्या मासोरा पंडितांनी (हिब्रू बायबलचा पाठ जपणारे ज्यू विद्वान) साधारण ७व्या ते १०व्या शतकात घडवली. पण उच्चार त्यांचे नव्हेत, परंपरेने पाठ करून जपलेले. पुरावा नामांतच सापडतो. ‘मेलेख’ म्हणजे राजा, ‘मल्का’ राणी, ‘मल्खूत’ राज्य. मूळ व्यंजनं तीच (इथले ‘क’ आणि ‘ख’ हे एकाच अक्षराचे उच्चार), स्वरांचा साचा बदलला, प्रत्यय लागला की नवं नाम. आता ‘माझा राजा’ म्हणायचं तर ‘मल्की’. पहिला ‘ए’ जाऊन ‘अ’ आला, कारण मूळ रूप ‘मल्क’ होतं. ‘मेलेख’ बोलणाऱ्या काळात हा जुना ‘अ’ नेमक्या जागी कुणी कल्पनेने बसवेल, हे मला तरी पटत नाही.

शिवाय ३ऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिजेनच्या ‘हेक्साप्ला’ या बायबलच्या तौलनिक आवृत्तीत हिब्रू मजकूर ग्रीक लिपीत, स्वरांसकट दिला होता. उरलेल्या तुकड्यांतले उच्चार तिबेरियाशी तंतोतंत जुळत नाहीत. शतकागणिक भाषा बदलली, बोलीही निरनिराळ्या होत्या. म्हणूनच स्वरांच्या या खुणा मोशेला देवाकडून सिनाय पर्वतावरच मिळाल्या, हा उलटा समजही टिकत नाही. त्या नंतरच्या आहेत हे ज्यू व्याकरणकार एलिया लेविता यांनी १५३८ मध्येच मांडलं होतं.