अपघाताचं टोइंग की आरएसए? मॉडिफाय गाडी उचलण्याचे पैसे कोण देतं

खाली बसवलेली, म्हणजे जमिनीपासूनची उंची कमी केलेली, बॉडी किट लावलेली गाडी घेऊन फिरणाऱ्याला विचारा, रस्त्यात अडकलास तर गाडी आणायचा खर्च कोणाचा? उत्तर ठरलेलं असतं: "फुल इन्शुरन्स आहे ना भाऊ." त्या फुल इन्शुरन्समध्ये टोइंग दोन वाटांनी येऊ शकतं. एक मूळ पॉलिसीतच असतं. दुसरं वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, ते म्हणजे रोडसाइड असिस्टन्स, थोडक्यात आरएसए. साध्या गाडीला हा फरक कळला नाही तरी निभतं. मॉडिफाय गाडीला मात्र तो खिशाला बसतो.

आधी पॉलिसीतलं. खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीच्या, म्हणजे लोक जिला फुल इन्शुरन्स म्हणतात तिच्या, ठरलेल्या मसुद्यात एक कलम आहे. विम्यात बसणाऱ्या नुकसानीमुळे गाडी चालेनाशी झाली, तर ती जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याचा आणि परत पोचवण्याचा वाजवी खर्च कंपनी देते, एका अपघाताला जास्तीत जास्त १,५०० रुपये. दुचाकीला ३००. जास्तीचा प्रीमियम भरून ही मर्यादा वाढवता येते, पण एजंट ते आपणहून क्वचितच सांगतो. नुसती थर्ड पार्टी असेल तर हे कलमच नाही.

यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत: 'जवळचा' आणि 'वाजवी'. समजा हिंगणघाटजवळ गाडी ठोकली. तुमचा सस्पेन्शनवाला नागपुरात, साधारण ७५ किलोमीटरवर. कंपनीच्या लेखी जवळचा दुरुस्तीवाला तिकडचाच. त्यात गाडी खाली बसवलेली, म्हणजे हुकवाली क्रेन चालत नाही. पुढून उचलली की मागचा बंपर रस्त्याला घासतो. ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर दोन चाकं रस्त्यावर ठेवून ओढणं गिअरच्या यंत्रणेलाच महागात पडू शकतं. अख्खी गाडी सपाट पाठीवर चढवून नेणारा ट्रक, म्हणजे फ्लॅटबेडच लागतो. फ्लॅटबेडवाल्यानं समजा सहा हजार घेतले, तर साडेचार हजार तुमचे.

पॉलिसीतलं हे टोइंग ओन डॅमेज क्लेमचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्याचा भाग आहे, हे लोक विसरतात. क्लेम नाकारला तर टोइंगही गेलं. आणि मॉडिफाय गाडीत क्लेम अडतो तो इथेच: न कळवलेला बदल. सीएनजी किट असेल तर जुन्या टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजमध्ये आणि ६० रुपये थर्ड पार्टीत वाढतात. ५०,००० च्या किटवर २,०६० रुपये, वर जीएसटी. आता कंपन्यांचे दर वेगळे असू शकतात, पण अंदाज यायला हा हिशोब पुरे. महागड्या म्युझिक सिस्टीमसारख्या विजेच्या वस्तूंचीही किंमत अशीच वेगळी लिहून घेता येते. तेवढे पैसे वाचवायला बदल लपवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

मात्र कंपनीनं लिहून घेतलं म्हणजे आरटीओनं मान्य केलं असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरची माहिती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी नागपूरच्या एमएच-३१ नंबरची असो की एमएच-४९, सीएनजी किट किंवा रंगबदल आरसीवर चढवून घ्यायचा आणि मगच विमा कंपनीला कळवायचं.

आता आरएसए. याला अपघातच व्हायला हवा असं नाही. बॅटरी उतरली, टायर पंक्चर झाला, मे महिन्याच्या ४५ अंशांत इंजिन तापून वर्धा रोडवर उभी राहिली, तरी माणूस येतो. हद्द बहुधा रुपयांत नसून किलोमीटरमध्ये आणि वर्षातल्या फेऱ्यांमध्ये असते. हद्दीपलीकडे दर किलोमीटरला पैसे. बऱ्याच आरएसएत अपघाताचं टोइंगही येतं, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

खरा फरक नो क्लेम बोनसमध्ये, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेज प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीत दिसतो. आरएसए वापरली तर बोनस शाबूत राहतो. १,५०० साठी ओन डॅमेज क्लेम लावला, तर ५० टक्क्यांपर्यंत चढलेला बोनस पुढच्या वर्षी शून्य होतो. दहा हजारांच्या ओन डॅमेज प्रीमियमवर हे पाच हजारांचं नुकसान. काहून करायचा असा क्लेम? मोठी ठोकर असेल तेव्हा क्लेम करायचाच. गाडी नुसती ओढून आणायची असेल तर आधी आरएसएला फोन लावा. बोनस वाचवणारा ॲड-ऑन घेतला असेल तर हिशोब बदलतो.

फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: गाडी खाली आहे, फ्लॅटबेडच पाठवा. नाही तर हुकवाला येतो, बघतो नि जातो. आरएसए घेण्याआधीच विचारा की तिच्यात मॉडिफाय गाडी बसते का, आणि उत्तर ईमेलवर मागा. टोइंगची वाट पाहताना "थोडीशीच चालवत नेऊ" हा मोहही टाळा. अपघातानंतर दुरुस्तीआधी चालवल्यानं नुकसान वाढलं तर ते पॉलिसीच्या अटींनुसार तुमच्या माथी.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केल्यावर येणारी क्रेन ही तिसरीच गोष्ट. तिचं काम रस्ता मोकळा करणं. तुमच्या नागपूरच्या गॅरेजपर्यंत ती येईल असं धरून चालू नका.