शोभला की नाही? नामवंतांच्या पोशाखांवरील मतांची पार्श्वभूमी

एखाद्या अभिनेत्रीने पुरस्कार सोहळ्याला कोणता गाऊन घातला, तो तिला शोभला की नाही आणि त्यातले काय आपल्याही कपाटात असावे, यावर आज कोणीही मोकळेपणाने मत मांडतो. हा मोकळेपणा फार जुना नाही. युरोपात कित्येक शतके पोशाखाविषयीचे मत राजसत्तेचे असे आणि ते कायद्याच्या भाषेत लिहिले जाई. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिने १५७४ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात जांभळे रेशीम, जरीचे कापड आणि उंची फर कोणत्या दर्जाच्या माणसाने वापरावी हे ठरवून दिले होते. इंग्लंडमधील हे निर्बंध १६०४ मध्ये उठले, तरी वरच्यांनी घालायचे आणि इतरांनी पाहायचे ही रीत टिकून राहिली. १६७२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या ‘मर्क्यूर गालां’ या नियतकालिकाने चौदाव्या लुईच्या दरबारातील पेहरावाच्या बातम्या दरबाराबाहेर नेल्या, आणि ज्यांना कधी डोळ्यांनी पाहिले नाही अशांच्या कपड्यांविषयी बोलण्याची सोय झाली.

या बोलण्याला किती धार असू शकते हे १७८३ मध्ये दिसले. एलिझाबेथ विजे ल ब्रं या चित्रकर्तीने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे व्यक्तिचित्र पॅरिसच्या ‘सलों’ या प्रदर्शनात मांडले. त्यात राणी दरबारी रेशमी पोशाखात नव्हती. पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, कमरेला पट्टा आणि डोक्यावर गवती टोपी एवढाच तिचा थाट होता. पाहणारे बिथरले. राणी अंतर्वस्त्रातच लोकांसमोर आली असे काहींना वाटले, राजपदाची शान गेली असे काहींना वाटले, आणि देशातील रेशीम विणणाऱ्यांना डावलून तिने परके सुती कापड जवळ केले असाही आक्षेप निघाला. अखेर ते चित्र उतरवावे लागले आणि रेशमी पोशाखातील, हाती तसाच गुलाब धरलेली राणी नव्याने रंगवून तेथे लावण्यात आली. मला हा प्रसंग या विषयाचा खरा आरंभ वाटतो, कारण कपड्यावरचे मत वरवर सौंदर्याचे दिसले तरी त्यात मर्यादा, दर्जा आणि पैसा हे तिन्ही कसे गुंतलेले असतात, हे येथे प्रथमच इतके उघडपणे दिसते. त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट पुढची आहे. ज्या झग्यावरून एवढे काहूर माजले, तसाच पांढरा मलमली झगा पुढच्या वीसेक वर्षांत युरोपातील स्त्रियांचा सर्वमान्य पेहराव झाला.

एकोणिसाव्या शतकात मत देण्याचा अधिकार हळूहळू शिवणाऱ्यांकडे आणि संपादकांकडे सरकला. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ याने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःचे दालन उघडले. ग्राहकाने सांगावे आणि शिंप्याने शिवावे हा क्रम त्याने उलटवला, आणि फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी त्याच्याकडून पोशाख घेऊ लागल्यावर त्याचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. १८९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘व्होग’ हे फॅशनचे नियतकालिक सुरू झाले. याच मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीने ऑक्टोबर १९२६ मध्ये फ्रेंच वेशरचनाकार कोको शानेलच्या एका साध्या काळ्या ड्रेसचे रेखाचित्र छापले आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली, म्हणजे तो सर्वांना परवडेल, सर्वांना चालेल असा. तोवर स्त्रीच्या अंगावरचा काळा रंग बहुधा दुखवट्याचा किंवा घरकाम करणाऱ्या नोकराणीचा समजला जाई. ‘लिटल ब्लॅक ड्रेस’ या नावाने आज जगभर ओळखला जाणारा हा प्रकार एका संपादकीय मतातून पुढे आला. तो लोकांच्या मनात रुजवला मात्र पुढे पडद्याने. ‘ब्रेकफास्ट अॅट टिफनीज’ या १९६१ च्या चित्रपटासाठी ह्युबेर द जिव्हांशी याने ऑड्री हेपबर्नकरिता बेतलेला काळा गाऊन डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात ४,६७,२०० पौंडांना विकला गेला. त्या गाऊनचे श्रेय हेपबर्नच्या मोहक चेहऱ्याला देण्याची पद्धत आहे, पण मला ते अपुरे वाटते. समोरून तो जवळजवळ अबोल आहे; त्याचे सगळे कौशल्य पाठीवरच्या गळ्याच्या कापात आहे, आणि म्हणूनच चित्रपटाच्या आरंभी ती काचेच्या खिडकीसमोर पाठमोरी उभी राहते तेव्हा तो गाऊन खरा दिसतो.

पडद्याने असे इतरही कपडे घरोघरी पोचवले. टी-शर्ट हे अमेरिकी नौदलाच्या जवानांचे अंतर्वस्त्र होते. १९५१ मध्ये मार्लन ब्रँडोने ते पडद्यावर उघडपणे घातले आणि तरुणांनी ते बाहेर घालायला घेतले. मार्लीन डीट्रिशने १९३० मध्ये पुरुषी टेलकोट आणि उंच हॅट घालून पडदा गाजवला, पण स्त्रियांसाठी बेतलेला टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा संध्याकाळचा औपचारिक सूट, वेशरचनाकार ईव्ह सां लोराँने संग्रहात आणला तो १९६६ मध्ये. एखादा कपडा पाहून आवडणे आणि तो आपण घालू शकतो असे वाटणे यांत छत्तीस वर्षे गेली.

मते नेहमी अनुकरणाच्याच दिशेने गेली असे मात्र नाही. पॅरिसच्या क्रिस्तियां दिओर या वेशरचनाकाराने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी घोळदार, लांब घागऱ्यांचा संग्रह सादर केला. युद्धकाळात कापडाची टंचाई सोसलेल्या अनेक स्त्रियांना ती उधळपट्टी वाटली, आणि अमेरिकेत लांब घागऱ्यांच्या विरोधात ‘लिटल बिलो द नी’ नावाचे क्लब निघाले. याच्या अगदी उलट प्रसंग ३० ऑक्टोबर १९६५ रोजी मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतीत घडला. मॉडेल जीन श्रिम्प्टन गुडघ्याच्या बऱ्याच वर संपणाऱ्या साध्या पांढऱ्या ड्रेसमध्ये आली. डोक्यावर हॅट नाही, हातमोजे नाहीत, पायमोजेही नाहीत. तिच्यावर टीकेची झोड उठली. ड्रेसचे कापड कमी पडल्यामुळे तो आखूड शिवावा लागला होता, हे कळल्यावर त्या टीकेतील आवेश अधिकच विलक्षण वाटतो.

मत देणे हाच व्यवसाय होण्याची तयारीही याच काळात झाली. एलिनॉर लँबर्टने १९४० मध्ये उत्तम पोशाख करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय यादी सुरू केली. १९६० पासून रिचर्ड ब्लॅकवेल वाईट पोशाख करणाऱ्यांची वार्षिक यादी काढू लागला. ऑस्कर सोहळा १९५३ पासून दूरचित्रवाणीवर दिसू लागला आणि नव्वदच्या दशकात विनोदी कलाकार जोन रिव्हर्सने लाल गालिच्यावर तारकांना अडवून गाऊन कोणाचा हे विचारण्याचा पायंडा रूढ केला. या टप्प्यावर मताची प्रत घसरली, असे मला वाटते. कापड, काप आणि शिवण यांवरून बोलणे हटले आणि ते घालणारीच्या वजनावर, वयावर आणि दंडांवर येऊन थांबले. २०१५ च्या ऑस्करला रीझ विदरस्पूनसारख्या अभिनेत्रींनी ‘आस्क हर मोअर’ या मोहिमेला पाठिंबा दिला आणि आम्हाला कामाविषयीही विचारा असा आग्रह धरला. तो रास्तच होता. गायिका ब्यॉर्कने २००१ मध्ये घातलेला, मानेभोवती हंस गुंडाळल्यासारखा दिसणारा, मार्यान पेयोस्कीने बेतलेला ड्रेस कित्येक वर्षे हसण्यावारी नेला गेला, पण २०१५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनात मांडला गेला.

फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी सोहळ्यात जेनिफर लोपेझ हिने व्हर्साचे या फॅशन कंपनीचा हिरवा, खोल गळ्याचा गाऊन घातला. तो पाहण्यासाठी इंटरनेटवर इतके शोध झाले की, नुसत्या मजकुराचे दुवे देऊन भागणार नाही हे गूगलच्या ध्यानी आले. पुढच्या वर्षी आलेल्या चित्रशोधाच्या सुविधेमागे हा गाऊन होता, असे कंपनीचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट यांनीच नंतर लिहिले. आता पाहण्यासाठी संपादकाची गरज उरली नाही, आणि मत देण्यासाठीही नाही.

त्यानंतर मतांचा विषयच बदलू लागला. मेरिलिन मन्रोने १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात घातलेला, ज्याँ लुई याने शिवलेला चमकत्या खड्यांचा गाऊन २०१६ मध्ये ४८ लाख डॉलरना विकला गेला. २०२२ च्या मेट गालात, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयाच्या वार्षिक सोहळ्यात, दूरचित्रवाणी तारका किम कार्दाशियनने तोच गाऊन अंगावर घातला. तो तिला शोभला का, ही चर्चा झालीच, पण मुख्य वाद वेगळ्या प्रश्नावर झाला: इतका जुना, नाजूक कपडा पुन्हा कोणी घालावा का? आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने ऐतिहासिक वस्त्रे घालू नयेत अशी स्पष्ट भूमिका घेतली. मी परिषदेच्या बाजूने आहे. घाम, उजेड, हालचाल आणि शिवणीवर पडणारा ताण यांनी जुने रेशीम विरते, आणि विरलेले परत विणता येत नाही. कार्दाशियनही पायऱ्या चढून गेल्यावर काही मिनिटांतच तो गाऊन उतरवून त्याची प्रतिकृती घालून पुढच्या कार्यक्रमाला गेली.