पपायरस : मूळ वस्त्या व बीजसंवर्धन

पपायरस : (लॅ. सायपेरस पपायरस, कुल – सायपेरेसी). लव्हाळा व नागरमोथा यांच्या वंशातील ही बहुवर्षायू ओषधी (लाकूड न बनणारी वनस्पती) मूळची आफ्रिकेतील दलदलींची आहे. खोड तीनधारी, 3 ते 5 मी. उंच व जवळजवळ पर्णहीन असते. टोकाला बारीक हिरव्या किरणांचा झुबका व त्यावर तपकिरी कणिशके (फुलांचे लहान तुरे) येतात. भारतात ती केवळ बागांतील तळ्यांत शोभेसाठी लावतात. तिच्यापासून होणारे लेखनसाहित्य सुपरिचित असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही.

ईजिप्तमधून ही वनस्पती बहुधा 19व्या शतकाच्या पूर्वार्धात नाहीशी झाली, असे मानले जात होते. 1960 नंतरच्या दशकात ईजिप्शियन अभियंते हसन रगब यांनी सुदानातून झाडे आणून कैरोजवळ लागवड केली. 1968 च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ अल्-हदीदी यांना वादी नत्रून या ईजिप्तमधील वाळवंटी खोऱ्यात एक छोटी रानटी वस्ती आढळली. आज नाईलकाठी पर्यटकांना दिसणारा पपायरस मुख्यतः लागवडीचा आहे. म्हणून वादी नत्रूनच्या वस्तीचे मोल तिच्या आकारावरून ठरवता येत नाही.

सिसिलीतील पपायरसाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ईजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याने इ. स. पू. तिसऱ्या शतकात सिसिलीतील सिराक्यूसचा राजा दुसरा हायरोन याला तो भेट दिला, ही कथा लोकप्रिय असली, तरी तिला समकालीन लेखी आधार मिळत नाही. रोमन लेखक प्लिनीने ईजिप्तखेरीज सिरिया व युफ्रेटीसकाठचा पपायरस नोंदवला आहे. सिसिलीचा उल्लेख त्याच्याकडे नाही. स्पष्ट नोंद दहाव्या शतकात अरब भूगोलवेत्ता इब्न हौकल याच्याकडे, सिसिलीतील पालेर्मो शहराच्या वर्णनात सापडते. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ पार्लातोरे यांनी 19व्या शतकात सिसिलीतील वनस्पती वेगळी जाती मानून ती अरबांनी सिरियातून आणली असे प्रतिपादले. वेगळी जाती आता मानत नाहीत; तथापि आगमन मध्ययुगीन असावे, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. पालेर्मोची पापिरेतो नदी 16व्या शतकाच्या अखेरीस बुजवली गेली. सिराक्यूसजवळील चाने नदीवरची वस्ती 1984 पासून संरक्षित आहे.

फळ शुष्क, एकबीजी कृत्स्नफळ असून सुमारे 1 मिमी. लांब असते. बी रुजण्यास प्रकाश व ओला, उघडा चिखल लागतो. पपायरसाच्या दाट बेटाच्या (एकत्र वाढलेल्या झाडांच्या) सावलीत किंवा खोल पाण्याखाली ते रुजत नाही. केन्यातील नैवाशा सरोवराची पातळी उतरली, की उघड्या पडलेल्या काठावर रोपे उगवतात. नेमक्या त्याच पट्ट्यात गुरे चरतात व शेती होते. त्यामुळे उभे बेट सुरक्षित दिसत असतानाही नवी पिढी खुंटते.

मूलक्षोडाचे (जमिनीखालील आडव्या खोडाचे) तुकडे लावून बेट झटपट वाढते, पण ते एकाच झाडाची प्रतिकृती ठरते. वस्तीतील विविधता राखायची, तर अनेक झुबक्यांवरून बी गोळा करावे लागते. या कुलात पोकळ दाणे बरेच असतात. म्हणून काही दाणे भिंगाखाली चिरून पाहावेत. कुलातील बहुतेक जातींचे बी कोरडेपणा सोसते. असे बी सुमारे 15 टक्के सापेक्ष आर्द्रतेत सुकवून, हवाबंद करून उणे 18° से. च्या आसपास ठेवतात. रुजवणचाचणीत ते मातीत पुरू नये, ओल्या पृष्ठभागावर उजेडात ठेवावे. पाकिटावर संकलनस्थळ लिहिणे अत्यावश्यक आहे : सुदानी व वादी नत्रूनचे बी एकदा मिसळले, तर डोळ्यांनी ते वेगळे करता येणार नाही.

आफ्रिकेबाहेर ह्यूला खोरे (इझ्राएल) ही उत्तरेकडील नैसर्गिक वस्ती मानतात. तेथील दलदल 1950 नंतरच्या दशकात उपसण्यात आली. राहिलेल्या भागाला 1964 मध्ये संरक्षण मिळाले.